बुधवारची जोड

१४ जानेवारी, बुधवार

ब्रीज वहिनीने ही वही देताना अट घातली होती. "अट्रॅक्टा, तू डब्लिनला जाऊन रोज कुणावर तरी चिडणार, हे मला माहीत आहे. ते लिहीच. पण दर वेळी एकाचे तरी आभार मान, नाहीतर वही परत कर." वहीचा कागद चांगला आहे आणि परत करायची माझी इच्छा नाही, तेव्हा आभार मानते.

पहिले आभार पंतप्रधानांचे. अकरा सिनेटर त्यांना आपल्या मर्जीने नेमता येतात. दहा नावं झाल्यावर अकरावं सुचेना म्हणून त्यांनी माझं घातलं, असं आमच्या मेयोतल्या बेलमलेट गावात बोलतात. खरंही असेल. मी दोनशिक्षकी शाळेची निवृत्त हेडबाई, बिनलग्नाची, आणि वर्तमानपत्रांना पत्रं लिहून लिहून संपादकांना जेरीस आणलेली. मला गप्प बसवायचा हा उपायही असू शकतो. पण संसदेच्या, म्हणजे लेन्स्टर हाऊसच्या, आवारात मला गाडी लावायला जागा मिळाली आहे. डब्लिनमध्ये ज्याला गाडी लावायला जागा तो राजा. त्याबद्दल मी अगदी मनापासून कृतज्ञ आहे.

आता चिडणं. आमचे प्रतोद ब्रेंडन क्विल यांनी माझ्या गळ्यात एक जोड बांधली आहे. विरोधी बाकावरचा एक सभासद जाणार असेल, तर आमच्या, सरकारी बाजूच्या एकाने त्या वेळात मत द्यायचं नाही, म्हणजे पारडं समान राहतं. ही इथली जुनी रीत. कागदावर काही नसतं, नुसता शब्द. "तुम्ही नव्या," क्विल म्हणाले, "म्हणून तुमच्या वाट्याला मॅलकी टूही."

हे टूही टिपररीचे. पूर्वी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे, त्यामुळे बोलायला लागले की वरच्या सज्जातले पाहुणेसुद्धा हात वर करायला घाबरतात. सरकारने काहीही आणलं की ह्यांचा विरोध. आज पाऊण तास गरजले आणि सहा वाजता, ऐन मतदानाच्या तोंडावर, खिशातून कंगवा काढून केस विंचरले आणि निघून गेले. दर बुधवारी असंच असतं म्हणे. म्हणजे दर बुधवारी संध्याकाळी माझ्या मताला कुलूप.

"जातात कुठे?" मी क्विलना विचारलं.

"थर्ल्सला, आपल्या गावी. पूर्वी शर्यतीची कुत्री होती त्यांच्याकडे," ते म्हणाले आणि फोन घ्यायला वळले. मला एवढं पुरे होतं: गडी कुत्र्यांच्या शर्यतीला जातो.

२१ जानेवारी, बुधवार

उपाहारगृहात टूही माझ्या पुढे रांगेत होते. वाढणाऱ्या मुलीला म्हणत होते, "मधला तुकडा दे गं, मऊसा. काठ नको." स्पंज केकचा तुकडा कागदी रुमालात बाळासारखा गुंडाळून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला. नवा टाय होता. दाढी बहुधा दुसऱ्यांदा केलेली.

मला राहवेना. "कुत्र्यांचे लाड बरेच चाललेत."

त्यांनी खिशावर हात ठेवला. "लाड करावे लागतात, स्कॅहिलबाई. तुम्ही मत सोडता म्हणून जाता येतं. उपकार आहेत तुमचे."

काय हा खोचकपणा! चेहरा मात्र इतका सरळ ठेवतात की वर्गात असते तर मी फसले असते. आभार त्या वाढणाऱ्या मुलीचे, तिने मला काठाचे दोन तुकडे फुकट दिले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी पहिला विषय मांडला. विषय आमच्याच गावच्या लॅव्हेल नवरा-बायकोचा. जॉन-जो आणि नोनी. आमच्या टेकडीवर वीज आली त्याच्या आधीचं त्यांचं लग्न. नोनी पडली, कंबरेचं हाड मोडलं, तिला जास्त शुश्रूषा लागते. जॉन-जोची छाती धरते, त्याला कमी लागते. नियमात दोघांचे दोन वर्ग झाले, आणि जिथे ज्या वर्गाची खाट मोकळी तिथे त्याला पाठवायचं, म्हणून तो कॅसलबारच्या बाजूच्या वृद्धाश्रमात आणि ती स्लायगोच्या वाटेवरच्या. भेट होते ती कुणी गाडीने नेलं तर.

चार मिनिटं मिळाली होती. मी ती चांगली वापरली असं मला वाटतं. उत्तर द्यायला आले मत्स्यखात्याचे राज्यमंत्री! आरोग्यवाले मोकळे नव्हते म्हणून जो मोकळा त्याला पाठवलं. बिचाऱ्याने हातात दिलेला कागद वाचला. "सिनेटरबाईंनी हा महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केल्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे," इथून सुरुवात, आणि पुढे एकही आभार मानण्यासारखी गोष्ट नाही. खाली बसताना मला हळूच म्हणाले, "बाई, मला खरंच वाईट वाटतं हो. पण मला ह्यातलं काही कळत नाही." ह्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांचे आभार.

बाहेर टूही दाराशी उभेच होते. "काय बाई, मासे जोडीने राहतात का, एवढं तरी विचारून घ्यायचं!"

लोक हसले. मीही हसले असते, पण विषय नोनीचा होता.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

सकाळी चर्चमध्ये मिसाला गेले. सभागृहात निम्म्या कपाळांवर राखेचे क्रूस, उरलेल्यांनी पुसलेले. टूहींच्या कपाळावर चांगला जाड क्रूस, आणि तसेच, राख मिरवत, सहा वाजता निघाले. उपवासाच्या दिवशी कुत्र्यांच्या शर्यती! ब्रीज वहिनीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "कदाचित कुत्राही उपास करत असेल." आज आभार तिचे.

पण एक बातमी खरोखरच चांगली. घरगुती आणि निवासी शुश्रूषेचं नवं विधेयक आमच्या सभागृहात आधी येणार आहे. त्यात एक कलम घालता आलं तर? जे नवरा-बायको एकत्र राहत आले आहेत आणि दोघांनाही शुश्रूषा हवी आहे, त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध दोन ठिकाणी ठेवायचं नाही. दोन ओळींचं काम. मसुदा करून देणाऱ्या कार्यालयातल्या मुलीने माझं लांबलचक वाक्य घेतलं आणि कायद्याच्या भाषेत ते माझ्यापेक्षाही लांब करून दिलं. तिचे आभार.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नोनीला भेटून आले. उशीला टेकून बसली होती, डोकं लख्ख. मी गेल्या गेल्या पहिला प्रश्न: "तो जेवतो का?"

"जेवतो म्हणतात."

"कोण म्हणतं? तोच ना? तो काय, विचारलं तर हो म्हणणार." मग म्हणाली, "चहात साखर किती, ते तिथल्या पोरी त्यालाच विचारतात. त्याला काय माहीत? उभ्या जन्मात मीच घातली. आता तो कडू चहा पीत असेल आणि चहाच असा असतो म्हणत असेल."

मी कलमाबद्दल सांगितलं. तिने माझा हात धरला. तिच्या नातवंडांना मी शिकवलंय, म्हणून मला मास्तरीण म्हणते. "मास्तरीण, तू मोठ्या घरात गेलीस ते बरं झालं. पण मला उन्हाळ्यापर्यंत सांग हं. पुढचं वर्ष म्हणू नकोस. पुढच्या वर्षाचं आम्ही काही ठरवत नाही."

मी वचन दिलं. मुलांना मी नेहमी सांगायची, जमेल तेवढंच बोला. परतीच्या रस्त्यावर मला स्वतःचाच राग येत होता, आणि भीतीही वाटत होती.

४ मार्च, बुधवार

विधेयकाचं कलमवार वाचन. ह्या वेळी खात्याचे खरे राज्यमंत्री, डॉनक हेगार्टी. तरुण, नीटनेटके, थकलेले. माझं कलम आल्यावर म्हणाले, "भावना समजते. खर्च आणि खाटा बघाव्या लागतील. सिनेटरबाईंनी सध्या मागे घ्यावं, शेवटच्या वाचनापर्यंत आम्ही विचार करू." मी मागे घेतलं. अशा वेळी मागे घेतात म्हणे, आणि शेवटच्या वाचनाला पुन्हा मांडतात. तोंडाला पानं पुसली की शब्द दिला, ते पुढच्या आठवड्यात कळेल.

टूही मधेच उठले. "बिनलग्नाच्या बाईला नवरा-बायकोची एवढी काळजी, हे पाहून मन भरून आलं," इथपासून सुरू. मग मात्र एकदम आवाज खाली आणून विचारलं, "दोघांपैकी एकच आजारी असेल, दुसरा धडधाकट, तर ह्या कलमात त्यांचं काय?"

"त्यांच्यासाठी हे कलम नाही," मी म्हटलं. "धडधाकट माणूस ये-जा करू शकतो."

"हो," टूही म्हणाले. "ये-जा करू शकतो खरा." आणि बसले. ह्या माणसाचं एवढं छोटं भाषण सभागृहाने कधी ऐकलं नसेल. सहाला गेले. जाताना मला नेहमीप्रमाणे मान लववून "आभारी आहे, बाई" म्हणाले, आणि मी नेहमीप्रमाणे "जिंका हो!" म्हटलं.

१० मार्च, मंगळवार

क्विलनी खोलीत बोलावून दार लावलं. चहा दिला, म्हणजे गोष्ट वाईट.

"उद्या मांडा, छान बोला, आणि मागे घ्या. मंत्री घेणार नाहीत."

"विचार करतो म्हणाले होते."

"केला विचार. नाही घेणार. बाई, तुम्ही नेमलेल्या आहात. तुम्हाला निवडून द्यायला कुणी बसलेलं नाही. पुढच्या वेळी यादी करताना आज कोण कसं वागलं तेच बघतात." वाईट माणूस नाही हा. त्याचं काम करत होता.

खरं लिहिते. मला इथे आवडतं. सकाळी फाटकावरचा रखवालदार "गुड मॉर्निंग, सिनेटर" म्हणतो तेव्हा पाठ आपोआप ताठ होते. वयाच्या ह्या टप्प्यावर कुणीतरी माझं म्हणणं लिहून घेतं, छापतं. ते जाईल, हा विचार पहिला आला. नोनीची आठवण त्यानंतर आली, आधी नाही. आभार कुणाचे मानू? चहाचे. साखर माझ्या हाताने घातली होती.

११ मार्च, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

हा चेल्टनमच्या घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा. निम्मा देश समुद्र ओलांडून तिकडे गेला आहे, आणि आमच्या सभागृहातला बराचसा भाग त्या निम्म्यात. कुणाचे डोळे तपासायचे होते, कुणाच्या मावशीचं दफन होतं. बाकं ओस. विरोधी पक्षाचे आरोग्यावर बोलणारे सिनेटर बाहेर टीव्हीवाल्यांशी बोलत होते. मंत्री हेगार्टी कागद लावून बसलेले.

सहाच्या सुमारास माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी ही दुरुस्ती मांडते." आणि बोलायला तोंड उघडलं.

सभापतींनी हात वर केला. "अनुमोदन कोण देतंय?"

मला कळेना. कलमवार वाचनाला कुणी असं विचारलं नव्हतं. मग लक्षात आलं. शेवटच्या वाचनाला दुसऱ्या सभासदाने अनुमोदन दिल्याशिवाय दुरुस्ती मांडलीच जात नाही. पडते. ही गोष्ट इथल्या शिपायालाही माहीत असते. मी कुणालाच विचारून ठेवलं नव्हतं! आयुष्यभर मुलांना नियम घोकायला लावले, आणि स्वतः एक नियम वाचला नाही.

माझ्या बाजूला पाहिलं. सगळ्यांच्या माना फोनमध्ये. क्विल छताकडे बघत होते.

"अनुमोदन आहे का?" सभापती पुन्हा म्हणाले. ते भले गृहस्थ आहेत, जेवढं थांबता येईल तेवढं थांबले.

"आहे," दारातून आवाज आला. "मी देतो."

टूही. ओव्हरकोट घातलेला, मफलर गुंडाळलेला, केस विंचरलेले, एक पाय दाराबाहेर. तसेच आत आले आणि आपल्या जागी बसले. कोटही काढला नाही.

मी बोलले. काय बोलले ते छापून येईल तेव्हा वाचीन. नोनीच्या चहाचं सांगितलं एवढं आठवतं. मंत्री उठले, भावना समजते म्हणाले, खाटा म्हणाले, आणि मागे घ्यावी म्हणाले.

पाठीमागून क्विलचा आवाज, अगदी हळू: "घ्या मागे, बाई."

मी म्हटलं, "मागे घेत नाही." आवाज माझाच होता, पण मला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला.

मतदानाची घंटा सुरू झाली. आणि तेव्हा दुसरी गोष्ट आठवली. टूही गेले तर मी त्यांची जोड, मला मतच देता येणार नाही! माझ्याच कलमाला! मी त्यांच्या बाकाकडे जवळजवळ धावले. "टूहीसाहेब, तुमचं थर्ल्स..."

"आज जोड नाही," ते म्हणाले. घड्याळाकडे बघत नव्हते. मुद्दामच बघत नव्हते, असं मला वाटलं. "शब्दातून सोडवलंय तुम्हाला. जा, आपल्या कलमाला मत द्या. मीही देतो."

घंटा वाजत राहिली. विरोधी बाकांवरचे टीव्ही सोडून धावत आले. आमच्या बाजूचे मात्र चेल्टनमहून धावत येणं शक्य नव्हतं, आणि त्यांनी जोड्याही लावून ठेवल्या नव्हत्या. क्विलचा चेहरा मोजणी होण्याआधीच पडला.

एका मताने मंजूर.

एका मताने! मी खाली बसले आणि मला रडू आलं, सरळ सगळ्यांसमोर. मंत्री हेगार्टी जाताना माझ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. म्हणाले, "खालच्या सभागृहात हे काढून टाका असं मला सांगतील. मी काढणार नाही. कागद मला वाचावा लागतो हो, बाई, पण तो प्रत्येक वेळी पटतोच असं नाही." देव त्यांचं भलं करो.

आभार मानायला टूहींना शोधलं तर ते अजून बाकावरच होते, कोट घालून. बाहेर मिट्ट अंधार झालेला. खिशातून नेहमीचा तो रुमालातला केक काढून त्यांनी मला दिला. "खा. आता उशीर झाला, तिथे आठनंतर आत सोडत नाहीत."

शर्यतीला आठनंतर सोडत नाहीत हे मला माहीत नव्हतं. केक छान होता. भूकही लागली होती. आज ह्या माणसाचे सर्वांत जास्त आभार, आणि त्यांची एक संध्याकाळ बुडाली त्याबद्दल पुढच्या वेळी मी कुत्र्यांवरून एक शब्दही बोलणार नाही, असं ठरवलं आहे.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी नोनीला फोन केला. ती म्हणाली, "खोली कुठली, ते त्याला ठरवू देऊ नकोस. तो खिडकीचं काही बघणार नाही." मग हसली. मग फोन नर्सकडे दिला.

घरी जाताना वाट वाकडी करून थर्ल्सला गेले. टूहींसाठी मनुकांचा ब्रेड घेतला होता. गावाबाहेर त्यांचं घर. कुंपणाशी शेजारीण भेटली. "मॅलकी? तो वृद्धाश्रमात असणार, कार्मेलजवळ. आज शुक्रवार, घरी असला की दिवसातून दोनदा जातो. डब्लिनला असला की मात्र बुधवारचीच काय ती भेट."

"कार्मेल कोण?"

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "त्याची बायको," ती म्हणाली.

गाडीत बसले ती तिथून वृद्धाश्रमापर्यंत मी कशी गेले, मला सांगता येणार नाही. दर बुधवारचं "जिंका हो" माझ्या कानात वाजत होतं. काठ नको, मऊ दे. ये-जा करू शकतो खरा. सगळं माझ्या तोंडावर सांगत होता हा माणूस, आणि मी, चाळीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेली बाई!

टूही बाहेरच्या पडवीतच भेटले, हातात पाण्याचा भरलेला जग. मला बघून थबकले.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी म्हटलं. आभाराचे शब्द ठरवून आले होते, निघालं हे.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही कुत्र्यांचं विचारलंत." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अहो, असू द्या. मला गंमत वाटायची. आठवड्यात तेवढीच एक थट्टा, जिच्यात कुणी माझी कीव करत नव्हतं."

"आणि ते कलम. तुम्हाला त्याचा काहीच..."

"नाही. मी धडधाकट आहे." त्यांनी जग दुसऱ्या हातात घेतला. "पण दार बंद असणं काय असतं ते मला माहीत आहे. या आत. तुमचं नाव ऐकून आहे ती."

खोलीत खिडकीशी खुर्चीत एक बारीकशी बाई बसली होती. डावी बाजू गेलेली, बोलणं सावकाश, पण डोळे स्वच्छ. गालाला पावडर लावलेली. टूहींनी माझं नाव सांगायच्या आतच म्हणाली, "मेयोच्या बाई! डावा हात उठत नाही हो, उजवा घ्या."

मी घेतला. तिने तो सोडला नाही.

"दर बुधवारी हा सांगतो. मेयोच्या एक बाई आहेत, त्या आपलं मत सोडतात म्हणून मी इथे येऊ शकतो. मी म्हणते, अरे, मतासाठी लोक एकमेकांचे गळे धरतात आणि ही बाई दर आठवड्याला सोडते? तुझं नशीब. तुमचं तोंड बघायची फार इच्छा होती मला."

मी टूहींकडे पाहिलं. ते ग्लासात पाणी ओतत होते, आणि ग्लास कधीच भरला होता.

"ह्या बुधवारी आला नाही," कार्मेल म्हणाली. "काम होतं म्हणाला. पण मी समजले. तुम्ही काही त्याला उगाच अडवणाऱ्या नव्हेत. तुम्हालाच बरं नसणार, म्हणून मत सोडायला कुणी नसणार. मग त्या संध्याकाळी तुमच्यासाठी बसून अख्खी जपमाळ केली." तिने माझा हात हलवला. "आता बरं आहे ना?"

"हो," मी म्हणाले. "आता बरी आहे."